वाघ्याचा ताप, शरूचा ताप

गेल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्या घरात डॉक्सीसायक्लिन हे एकच औषध दोघांना चालू होतं. एक वस्तीवरचा कुत्रा वाघ्या आणि दुसरी माझी सहा वर्षांची मुलगी शरू. दोघांचे आजार वेगळे, जंतू वेगळे, पण ते अंगात सोडणारा एकच, गोचीड. त्या दिवसांत मी रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाइलवर मराठीत काही वाचायला मिळतं का ते शोधत होते. गाई-म्हशींच्या गोचीड निर्मूलनावर भरपूर सापडलं. माणसाला गोचिडापासून काय होतं यावर हाताला फारसं काही लागलं नाही. म्हणून जे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सविस्तर लिहिते आहे.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. सासू-सासरे मंद्रूपच्या अलीकडे, विजापूर रोडपासून आत, शेतातल्या वस्तीवर. तिथं दोन संकरित एचएफ गाई, एक खिलार खोंड, शेळ्या, कोंबड्या आणि वाघ्या. वाघ्या कारवान जातीचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका मेंढपाळाकडून पिल्लू असतानाच आणलेला. शरूचा आणि त्याचा जीव एकमेकांवर. सुट्टी लागली की ती आजीपेक्षा आधी वाघ्याला हाक मारते.

दसरा झाला आणि वाघ्या भाकरी हुंगून सोडून द्यायला लागला. दिवसभर पडवीत शहाबादी फरशीवर पसरलेला. आप्पा म्हणाले, "ऑक्टोबरचं ऊन हाय, मलूल झालाय." मग एका सकाळी त्याच्या एका नाकपुडीतून रक्त ठिबकायला लागलं. थांबायचं, शिंक आली की पुन्हा यायचं. कुणी मारलं असावं असं सासूबाईंना वाटलं, पण अंगावर कुठं वळ नव्हता. माझ्या नवऱ्यानं त्याला टेम्पोत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, मीही बरोबर होते.

तिथल्या डॉक्टरांनी आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायला हव्यात त्या पांढुरक्या, आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. मग कान उलटा केला. आतल्या घडीत रक्त पिऊन टम्म झालेले राखाडी गोचीड होते, थेट एरंडाच्या बिया चिकटवल्यासारखे. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत बारके, तपकिरी. डॉक्टरांनी कानाच्या कडेला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला आणि बाकीचं रक्त शहरातल्या लॅबला पाठवायला सांगितलं. प्लेटलेट फारच खाली आल्या होत्या. काचपट्टीवर पांढऱ्या पेशीच्या आत जंतूंचा झुपका दिसला. असा तो प्रत्येक वेळी दिसत नाही, नाही दिसला म्हणून आजार नाही असंही धरायचं नसतं, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

या जंतूचं नाव एर्लिकिया कॅनिस. कुत्र्याच्या पांढऱ्या रक्तपेशींत शिरून तिथंच वाढणारा हा जीवाणू १९३५ मध्ये अल्जीरियात पहिल्यांदा ओळखला गेला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री याच आजारानं गेली, आणि त्यांच्यातही नाकातून रक्त येणं हेच ठळक लक्षण होतं. पहिला ताप कधी कधी आपोआप उतरतो, कुत्रं बरं दिसतं, आणि जंतू महिनोन्महिने शरीरात दबून राहतो. पुढं तोच हाडांतल्या मगजावर उठला की मग वाचवणं अवघड. म्हणून औषध अर्धवट सोडायचं नाही. डॉक्सीसायक्लिन, वजनावर हिशेब करून, चार आठवडे, पोटात अन्न असताना. वाघ्याला ती गोळी दुधात कुस्करलेल्या भाकरीत नको, नुसत्या भाकरीच्या गोळ्यात घालून द्या, दुधानं औषध कमी लागू पडतं, हेही त्यांनी बजावलं.

आप्पांचा प्रश्न वेगळाच होता. "गाईला गोचीड तापाची सुई देता ती ह्याला न्हाई का चालत?" डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते गोठा असलेल्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. गाईच्या बाबतीत आपण गोचीड ताप म्हणतो तेव्हा त्या एका नावाखाली तीन आजार असतात. थायलेरिया आणि बबेशिया हे एकपेशीय परजीवी, जीवाणू नव्हेत. थायलेरियात खांद्यापुढच्या आणि कानाखालच्या गाठी सुजतात, बबेशियात लघवी कॉफीसारखी लाल होते. तिसरा ॲनाप्लाझ्मा, हा मात्र जीवाणू. तो तांबड्या पेशींच्या कडेला ठिपक्यासारखा बसतो, लघवी लाल होत नाही, जनावर पांढरं पडत जातं आणि मग पिवळं. तिन्हींची औषधं वेगळी. थायलेरियाला बुपार्वाक्वोन लागतं, बबेशियाला डिमिनाझिन, आणि ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, जे वाघ्याच्या गोळीच्याच कुळातलं. रक्त न तपासता अंदाजानं सुई मारली की पैसा जातो आणि कधी कधी गायही. आमच्या एचएफ गाईंना असले ताप जास्त भोवतात आणि खिलार खोंड गोचीड अंगावर वागवत धडधाकट उभा असतो, हे आप्पांनी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. देशी जनावराचं कातडं आणि रक्त या गोष्टींना सरावलेलं असतं.

निघताना डॉक्टर सहज म्हणावं तसं बोलले, "घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना कुत्र्याचं सांगा बरं का. विसरू नका." मी ते वाक्य ऐकलं आणि पिशवीत औषधं भरली. पुढं त्या एका वाक्याचे उपकार किती मोठे ठरणार होते!

वाघ्या आठवडाभरात उठून बसला. भाकरी खायला लागला. दिवाळीला आम्ही सगळे वस्तीवर होतो.

शरूला तिथं एक खेळ सापडलेला. आजी वाघ्याच्या अंगावरचे गोचीड ओढून काढायच्या आणि चुलीत टाकायच्या, हाताला आला तर नखानं चिरडायच्या. ते बघून शरूनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल घालून घेतलं आणि आजीच्या मांडीला मांडी लावून बसली. बोटांनी धरून एकेक बाटलीत. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गोचीड असेच काढले जातात, खेड्यात कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. पण गोचीड चिरडला की त्याच्या अंगातला रस बोटाला लागतो, आणि बोटाला कातरलेलं असेल किंवा तोच हात डोळ्याला गेला तर चावा न घेताही जंतू आत जाऊ शकतो. शिवाय कुत्र्यावरून उपटलेला गोचीड निसटून माणसाच्या अंगावर चढतो. बारक्या पिलावळीचा चावा दुखत नाही, खाजत नाही. शरूला नेमका कुठून लागला हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. अशा रुग्णांत चावल्याचं आठवत नाही असंच बहुतेक सांगतात, हे नंतर कळलं.

भाऊबीज करून आम्ही परत आलो, शाळा सुरू झाली आणि शरूला ताप भरला. जोरात, थंडी वाजून, डोकं धरून रडायची. पिंढऱ्या दुखतात म्हणायची. सोलापुरात त्या दिवसांत ताप म्हटलं की पहिलं नाव डेंग्यूचं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे घराघरांत बॅरल आणि टाक्या भरलेल्या, त्यात डासांची पैदास. आमच्या गल्लीतच दोघांना डेंग्यू झालेला. जवळच्या डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं, डेंग्यूची एनएस१, मलेरिया आणि टायफॉइडची तपासणी केली. काही निघालं नाही. प्लेटलेट मात्र कमी दिसल्या, तेव्हा डेंग्यूसदृश ताप धरून चालू, असं ठरलं. जोडीला एक अँटिबायोटिक सिरप. त्या ऋतूत, त्या रिपोर्टवर, बहुतेक कुणीही हेच केलं असतं, त्यांना मी दोष देत नाही.

ताप मात्र हलेना. औषधाचा अंमल असेपर्यंत थोडा उतरायचा, लगेच पुन्हा एकशे तीनच्या वर. एका संध्याकाळी कोमट पाण्यानं तिचं अंग पुसताना मनगटाशी फिकट लाल ठिपके दिसले. मग घोट्यांशी. मी पाय मांडीवर घेतला आणि तळपाय बघितला, तिथंही होते. बोटानं दाबले की पांढरे पडायचे, बोट उचललं की परत लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गडद झाले होते आणि त्यातले काही दाबूनही जात नव्हते. पाय सुजले होते. सँडलचा पट्टा लागेना. डोळे लाल, पण चिपडं नाही.

त्याच दिवशी तिला शहरातल्या एका बाल रुग्णालयात भरती केलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी जशी तपासणी केली तशी मी आधी कधीच पाहिली नव्हती. शरूचे सगळे कपडे काढून कानामागे, केसांत भांग पाडून पाडून, काखेत, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली सगळीकडे बघितलं. त्या एक काळी खपली शोधत होत्या. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यागत खपली धरते, ती सापडली तर निदान सोपं होतं. शरूला नव्हती. मग त्यांनी तळवे आणि तळपाय उजेडात धरले आणि मला विचारलं, "घरी जनावरं आहेत का? शेतात जाता का? गोचीड वगैरे?"

मी वाघ्याचं सगळं सांगितलं. गोचीड ताप, नाकातून रक्त, चालू असलेल्या गोळ्या, शरूची बाटली, सगळं. मोबाइलमध्ये वाघ्याचा लॅबचा रिपोर्ट होता, तोही दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि सिस्टरला सांगितलं की डॉक्सीसायक्लिनचा पहिला डोस आत्ताच द्यायचा, रक्त घ्या पण रिपोर्टची वाट बघायची नाही.

रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी औषध! मी विचारलंच. त्यांनी राउंड संपवून येऊन शांतपणे समजावलं. संशय होता रिकेट्सिया या जीवाणूंच्या गटामुळे येणाऱ्या ठिपक्यांच्या तापाचा. आपल्याकडचा जो प्रकार आहे त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात, जंतू रिकेट्सिया कोनोराय, आणि तो वाहणारा मुख्यतः कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड. नावात टायफस असलं तरी आपल्या ओळखीच्या टायफॉइडशी याचा संबंध नाही. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरून तिथंच वाढतो. अस्तर खराब झालं की बारीक वाहिन्या पाझरायला लागतात. म्हणून ठिपके, म्हणून सूज, म्हणून प्लेटलेट खर्ची पडतात आणि रक्तातलं सोडियम घसरतं. शरूचं घसरलेलंच होतं आणि यकृताचे आकडेही वाढलेले होते. जंतू पेशीच्या आत लपलेला असल्यामुळे तापात सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं त्याचं काही बिघडवत नाहीत. डॉक्सीसायक्लिन पेशीच्या आत पोचतं.

आणि रिपोर्ट? वेल-फेलिक्स नावाची चाचणी १९१६ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, पण रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर तयार करतं ती अँटिबॉडी, तयार झाल्याशिवाय ती काही दाखवत नाही, आणि त्याला आठवडाभर तरी जातो. आयजीएम एलायझा ही रक्ताची दुसरी चाचणी जास्त भरवशाची, तिलाही तीच अडचण. म्हणजे औषधाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच रिपोर्ट निगेटिव्ह येण्याची शक्यता सगळ्यात मोठी. थांबलं तर काय होतं हे मी विचारलं, आणि त्यांनी लपवलं नाही. बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडून झडू शकतात, किडनी, फुप्फुस, मेंदूपर्यंत जाऊ शकतं. उशीर झालेली मुलं त्यांनी पाहिली होती.

त्या रात्री दुसरी एक अडचण उभी राहिली. औषध आणायला नवरा मेडिकलमध्ये गेला, तर काउंटरवरच्या माणसानं वय विचारलं आणि म्हणाला, "सहा वर्षांच्या पोरीला हे? दात पिवळे पडतात कायमचे. डॉक्टरांना परत विचारून या." नवरा बिचकून परत आला. हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. जुन्या टेट्रासायक्लिननं लहान मुलांच्या दातांवर डाग पडायचे हे खरंच आहे, आणि आठ वर्षांखाली नको हा इशारा तेव्हापासून त्या सगळ्या कुळाला चिकटला. पण डॉक्सीसायक्लिन कॅल्शियमला तितकं धरत नाही. अमेरिकेत आठ वर्षांच्या आत हे औषध मिळालेल्या ५८ मुलांचे पक्के दात तपासले गेले, तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांपैकी एकाच्याही दातांवर तसला डाग नव्हता. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पुढं २१ दिवसांपर्यंतच्या कोर्ससाठी वयाची अटच काढून टाकली. मॅडमनी हे सांगितलं आणि पुढं एवढंच म्हणाल्या, "ताई, दात की बोटं, असा प्रश्न असता तरी मी हेच दिलं असतं. पण इथं तर तोही प्रश्न नाही." मी सहीच्या कागदावर सही केली. डोस वजनावर काढलेला होता, दर किलोला २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा. आधी सुईतून आणि खायला लागल्यावर तोंडानं. गोळी पाण्यात विरघळवून मापाच्या पिचकारीनं, वरून भरपूर पाणी, आणि लगेच आडवं होऊ द्यायचं नाही.

नातेवाइकांचे फोन चालूच होते. नवऱ्याचे मामा सावंतवाडीकडे नोकरीला होते, ते घाबरून म्हणाले, "गोचिडाचा म्हणजे माकडताप का?" माकडतापही गोचिडामुळेच होतो. १९५७ मध्ये तो कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात त्यानं माणसं नेली. पण तो विषाणूचा आजार, त्यावर डॉक्सीसायक्लिनचा उपयोग नाही, आणि त्याचे गोचीड दमट जंगलातले. आमच्या कोरड्या माळरानावरचा हा दुसरा. नागपूरकडच्या मावशीनं स्क्रब टायफसचं विचारलं, कारण २०१८ मध्ये विदर्भात त्याचा मोठा उद्रेक झाला होता. तो मात्र शरूच्या आजाराचा जवळचा नातलग. तो गोचिडाऐवजी गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या पिलावळीमुळे होतो, पण औषध हेच. फोनवर हे पुन्हा पुन्हा समजावून सांगताना माझंही ते पक्कं होत गेलं.

औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या रात्री मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. पहाटे ती घामानं भिजली. थर्मामीटर शंभरच्या खाली आला आणि तिथंच राहिला. आधीच्या तापात ती पाण्यालाही तोंड फिरवायची, त्या सकाळी म्हणाली, "आई, शेंगाचटणी." मॅडमनी तिखट नको म्हणून सांगितलं, मग दहीभातावर भागवलं. दोन दिवसांत ताप उतरणं हीच या आजाराची एक खूण समजतात, डेंग्यू असता तर या गोळीनं तो असा पडला नसता. प्लेटलेट चढायला लागल्या. ठिपके तपकिरी झाले, तळव्यांची साल निघाली, मग तीही गेली. ताप गेल्यावरही औषध आणखी काही दिवस चालू ठेवलं होतं, ते पूर्ण केलं.

वेल-फेलिक्सचा पहिला रिपोर्ट धड हो नाही, धड नाही नाही असा होता. डिस्चार्जनंतर पुन्हा रक्त दिलं तेव्हा त्या चाचणीतले ओएक्स-२ आणि ओएक्स-१९ हे दोन्ही आकडे चांगलेच वर गेलेले होते. ठिपक्यांच्या तापात हेच वाढतात, स्क्रब टायफसमध्ये ओएक्स-के. एलायझाही पॉझिटिव्ह आली. तोवर शरू शाळेत जायला लागली होती. रिपोर्टची वाट बघितली असती तर काय, या विचारानं तो कागद हातात धरून मला खूप रडू आलं.

खरी भांडणं त्यानंतर झाली, आणि ती वाघ्यावरून. सासूबाई नातीच्या काळजीनं अर्ध्या झाल्या होत्या. शेजारच्या वस्तीवरचे तात्या म्हणाले, "ते कुत्रं भीमेपल्याड सोडून या, पीडा जाईल." दोघांनाही पोरीची माया, हे मला कळत होतं. पण मी ठाम राहिले. वाघ्याच्या रक्तातला जंतू आणि शरूच्या रक्तातला जंतू वेगळा. वाघ्यानं चाटलं म्हणून तिला ताप आला नाही, तिच्याजवळ झोपल्यानं आम्हालाही येणार नव्हता. दोघंही एकाच गोचिडाच्या जातीचे मार खाल्लेले. आणि वाघ्याला हाकललं तरी गोठ्याच्या भिंतीतले उपाशी गोचीड कुठं जाणार? जे गरम रक्त जवळ असेल तिकडे. पशुवैद्यक डॉक्टरांनी वस्तीवर येऊन हेच सांगितलं तेव्हा कुठं सासूबाई गप्प झाल्या.

डॉक्टरांनी पडवीच्या भिंतीत चाकूचं टोक घालून एक ढलपी काढली. मागं अंड्यांचा चकचकीत तपकिरी ढीग, शेजारी चिमटीत न धरता येणारी पिलं. तपकिरी गोचिडाची एक मादी हजारो अंडी घालते. पिल्लू कुत्र्यावर चढून रक्त पितं, खाली पडतं, भेगेत जाऊन कात टाकतं, पुन्हा चढतं, पुन्हा पडतं, आणि तिसऱ्यांदा चढतं ते मोठा गोचीड म्हणून. म्हणजे कुत्र्यावर दिसतात ते थोडे, बाकीची फौज भिंतीत. वर चढायची खोड असल्यामुळे ती छताच्या वाशांपर्यंत जाते. मी नंतर वाचलं की फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की हवा तापली की हा गोचीड एरवीपेक्षा जास्त आक्रमकपणे माणसाला चावतो. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर नेणाऱ्या आपल्या जिल्ह्यानं याची दखल घ्यायला हवी असं मला फार वाटतं.

मग कामाला लागलो. पडवीतली पोती, जुनी गोधडी, बाज सगळं बाहेर काढून उन्हात. भेगा सिमेंटनं बुजवल्या, वर चुना. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध भिंतींवर, वाशांवर, फरशीच्या सांध्यांत फवारलं, जनावरं, कोंबड्या आणि पाण्याची भांडी लांब नेऊन. फवाऱ्यानं अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. गाईंना पाठीवर ओतायचं औषध दिलं, त्याच्या पाठोपाठ दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही तेही पाळलं. वाघ्याला महिन्याला एक चघळायची गोळी असते, त्याला चावलेला गोचीड तिच्यामुळे मरतो. गोळी महाग आहे. दवाखान्याच्या बिलापुढे ती काहीच नाही. कोंबड्या मात्र आम्ही जाणूनबुजून गोठ्यात मोकळ्या सोडतो, त्या गोचीड टिपून खातात.

गोचीड काढायची रीतही बदलली. खुंटीला एक टोकदार चिमटा टांगला आहे. गोचिडाला कातडीच्या अगदी लगत धरायचं, पिळायचं नाही, सरळ सावकाश वर ओढायचं. काडी लावणं, रॉकेल ओतणं, तेल चोपडणं बंद, कारण बिथरलेला गोचीड पोटातलं जखमेत ओकतो. काढलेला साबणाच्या पाण्याच्या बाटलीत, झाकण घट्ट. मग हात धुवायचे. माणसाला चावलेला सापडला तर तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि पुढचे दोन आठवडे तापावर लक्ष ठेवायचं.

संक्रांतीच्या सुमाराला वस्तीवरच्या सालगड्याला ताप आला, अंग ठणकत होतं. सासूबाईंनीच त्याला बजावलं, "सिव्हिलला जा, आन्‌ आधी शेळ्यांचं, गोचिडाचं सांग. नुसता ताप म्हनू नगंस." त्यानं सांगितलं, डॉक्टरांनी तळहात बघितले, रक्त घेतलं. त्याचा निघाला साधा मलेरिया आणि तो त्या औषधानं बरा झाला. पण विचारलं गेलं, बघितलं गेलं, याचं मला समाधान आहे.

गोठ्याची पूर्वेकडची भिंत अजून दगडमातीचीच आहे. उसाचं बिल आलं की तिला गिलावा करायचा असं ठरलंय. तोवर तिथं फवारा चालू ठेवायचा, आणि रोज संध्याकाळी वाघ्याचे कान आणि बोटांची बेचकी आप्पांनी तपासायची. शरूला त्या कामाला हात लावू द्यायचा नाही.